सिद्दींच्या राजकीय हक्कांचं काम कुठून सुरू करावं?

प्रश्न असा आहे: "कर्नाटकातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळून वीस वर्षं उलटली, तरी त्यांच्यातून आमदार निवडून येत नाही. मी नुकतंच उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूर भागात एका संस्थेबरोबर काम सुरू केलं आहे. राखीव मतदारसंघाची मागणी लावून धरावी का? लॅटिन अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या लोकांना संसदेत जागा मिळाल्या, तसं इथे होईल का?"

आधी सरळ उत्तर देतो. मागणी जरूर करा, पण कामाची सुरुवात तिथून करू नका. जातीचा दाखला, वनहक्क, वाडीची ग्रामसभा आणि जनगणनेतली नोंद या चार गोष्टी पक्क्या नसतील, तर मिळालेली जागासुद्धा सिद्दींच्या हाती राहत नाही. बेळगाव, धारवाड आणि उत्तर कन्नड हे जिल्हे जिथे एकमेकांना भिडतात, त्या पट्ट्यात मी वकिली करतो. जातीचे दाखले, वनहक्क दावे आणि पंचायतीच्या तक्रारी हाच माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्या अनुभवावरून हे लिहितो आहे.

विधानसभेचं गणित एकदा नीट मांडून बघा. कर्नाटकात २२४ जागा आहेत, त्यांपैकी १५ अनुसूचित जमातींसाठी राखीव. त्या पंधरांतली एकही उत्तर कन्नड जिल्ह्यात नाही. बहुतेक बळ्ळारी, रायचूर, चित्रदुर्ग या बाजूला आहेत. यात कुणाचा डाव नाही, कायदाच तसा आहे: राज्यातल्या ज्या मतदारसंघांत अनुसूचित जमातींचं प्रमाण सर्वांत जास्त, तिथेच राखीव जागा ठेवायच्या. २०११च्या जनगणनेत कर्नाटकात अनुसूचित जमातींचे लोक होते सुमारे साडेबेचाळीस लाख आणि सिद्दी होते १०,४७७. म्हणजे राज्यातल्या दर चारशे आदिवासींमागे एक सिद्दी. तेही एका जागी नाहीत. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, जोयडा, अंकोला, शिरसी अशा तालुक्यांत, जंगलातल्या वाड्यावाड्यांत विखुरलेले. उद्या चमत्कार होऊन या जिल्ह्यात एक मतदारसंघ राखीव झाला, तरी तिकीट संख्येनं मोठ्या आणि पक्षांत मुरलेल्या दुसऱ्या जमातीच्या माणसाकडे जाण्याची शक्यता जास्त.

आता शेजारच्या गोव्याकडे बघा. संसदेच्या ज्या कायद्यानं २००३मध्ये उत्तर कन्नडचे सिद्दी यादीत आले, त्याच कायद्यानं गोव्यातले गावडा, कुणबी आणि वेळीप हेही अनुसूचित जमाती ठरले. २००१च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या होती ५६६. या तीन समाजांच्या समावेशानंतर २०११मध्ये ती झाली १,४९,२७५. राज्याच्या लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून जास्त. तरीही विधानसभेत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवण्याचा कायदा संसदेत मंजूर व्हायला २०२५ उजाडलं. दीड लाखांच्या, राजकारणात पाय रोवलेल्या समाजांना वीस वर्षांच्या वर झगडावं लागलं, हे लक्षात घेऊन दहा हजारांच्या समाजानं आपली ताकद कुठे लावायची ते ठरवायला हवं.

२०२०मध्ये शांताराम सिद्दी यांची कर्नाटक विधान परिषदेवर राज्यपालांकडून नियुक्ती झाली. सिद्दी समाजातून विधिमंडळात गेलेले ते पहिलेच. त्या दिवशी वाड्यांमध्ये जो आनंद झाला तो खरा होता, आणि शाळेतल्या सिद्दी मुलामुलींनी आपल्यासारखा चेहरा विधानसौधात पाहणं ही लहान गोष्ट नाही. मात्र नियुक्ती वरून येते, आणि मुदत संपली की पुढचं नाव कुणाचं हे सरकार ठरवतं. त्या नावावर समाजाचा काही अधिकार चालत नाही. म्हणून नियुक्तीचं स्वागत करायचं, तिचा उपयोग करून घ्यायचा, पण भिस्त तिच्यावर ठेवायची नाही.

लॅटिन अमेरिकेचं उदाहरण तुम्ही दिलंत, ते मी कोलंबियापुरतं घेतो, कारण तिथला अनुभव सर्वांत बोलका आहे. १९९१च्या नव्या संविधानात आफ्रिकी वंशाच्या समाजांसाठी एक तात्पुरतं कलम घातलं गेलं आणि त्यातून २७ ऑगस्ट १९९३ला 'कायदा क्रमांक ७०' आला. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. पहिली, पॅसिफिक किनाऱ्याकडच्या नद्यांकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या या समाजांना जमिनीची सामूहिक मालकी. ती मालकी गावांनी निवडलेल्या समुदाय परिषदेच्या नावे. आजवर पन्नास लाखांहून जास्त हेक्टर जमीन अशी त्यांच्या नावावर चढली आहे. दुसरी गोष्ट, कनिष्ठ सभागृहात दोन राखीव जागा.

या दोन जागांचं पुढे काय झालं ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. १९९६मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं तरतूद रद्द केली, कारण असा कायदा करायची विशेष पद्धत पाळली गेली नव्हती. २००१मध्ये नव्या कायद्यानं जागा परत आल्या. २००२मध्ये त्यांवर निवडून आले एक नामवंत फुटबॉलपटू आणि सिडनी ऑलिम्पिकमध्ये भारोत्तोलनाचं सुवर्णपदक जिंकलेल्या एक खेळाडू. दोघंही समाजातलेच आणि लोकांचे लाडके, पण नदीकाठच्या समुदाय परिषदांनी पुढे केलेले नव्हेत. २०१४मध्ये तर निवडून आलेल्यांना आमचं प्रतिनिधित्व करण्याचा अधिकारच नाही, असं म्हणत समाजाच्या संघटना न्यायालयात गेल्या. असं होतं, कारण या दोन जागांसाठी देशातला कोणताही मतदार मत देऊ शकतो. १९३२च्या पुणे करारानंतर आपल्याकडे राखीव जागांवर संयुक्त मतदारसंघातून निवडणूक होऊ लागली. उमेदवार समाजाचा आणि निवडून देणारे सगळे, यातून काय प्रश्न उभे राहतात हे महाराष्ट्रात बाबासाहेबांचं लिखाण वाचलेल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

जमिनीची बाजू मात्र टिकली. काउका प्रांतातल्या ला तोमा गावाची गोष्ट घ्या. तिथे आफ्रिकी वंशाचे लोक शेकडो वर्षं नदीकाठी हातानं सोनं काढत आले आहेत. त्यांच्याच जमिनीवर सरकारनं त्यांना न विचारता बाहेरच्यांना खाणीचे परवाने दिले. गावाची परिषद लढली, आणि २०१०मध्ये घटनात्मक न्यायालयानं गावाला आधी विचारल्याशिवाय खाणकाम करता येणार नाही असा निकाल दिला. बेकायदा यंत्रं तरीही आली, तेव्हा २०१४मध्ये गावातल्या बायका काउकाहून राजधानी बोगोतापर्यंत मोर्चा घेऊन गेल्या. त्यांचं नेतृत्व करणाऱ्या फ्रान्सिया मार्केझ २०१८मध्ये त्याच राखीव जागेसाठी उभ्या राहिल्या आणि पडल्या. चार वर्षांनी, ऑगस्ट २०२२मध्ये, त्या देशाच्या उपराष्ट्राध्यक्ष झाल्या. राखीव जागेनं त्यांना घडवलं नाही. गावाची परिषद, जमिनीचा लढा आणि न्यायालयातला निकाल यांतून त्या घडल्या. हे सांगताना एक गोष्ट लपवणं बरोबर नाही: कोलंबियात असं काम करणाऱ्या अनेकांना जीव गमवावा लागला आहे, मार्केझ यांच्यावरही २०१९मध्ये हल्ला झाला. तिथल्या यशाची किंमत फार मोठी आहे.

तेव्हा कोलंबियाकडून घ्यायचं ते हे: ज्या घटकात समाज बहुसंख्य आहे तो घटक शोधा आणि त्याला कायद्याची ताकद मिळवून द्या. सिद्दी ना राज्यात बहुसंख्य, ना तालुक्यात, ना ग्रामपंचायतीत. ते बहुसंख्य आहेत वाडीत. आणि वाडीला ताकद देणारा कायदा आपल्याकडे आहे, जंगलात राहणाऱ्यांचे जमिनीवरचे हक्क मान्य करणारा २००६चा वनहक्क कायदा. त्याच्यावर येण्याआधी दाखल्याचं सांगतो, कारण तो हातात नसेल तर पुढचं सगळं अडतं.

सिद्दींमध्ये हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. अनुसूचित जातींसाठी धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींसाठी ती नाही. त्यामुळे तिन्ही धर्मांतल्या सिद्दींना दाखला मिळायलाच हवा. पण व्यवहारात अडतं ते शाळेच्या रजिस्टरात. हल्याळकडच्या एका कुटुंबाचं प्रकरण सांगतो. आजोबांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात 'सिद्दी', वडिलांच्या नावापुढे नुसतं 'ख्रिश्चन', आणि मुलीच्या नावापुढे रकाना कोराच. तीन पिढ्या, एकच घर, एकच शाळा. प्रत्येक वेळी त्या त्या मास्तरांनी आपल्या समजुतीप्रमाणे लिहिलं. मुलगी बारावी झाली, वसतिगृहासाठी दाखला मागायला गेली, तेव्हा टेबलावरच्या कारकुनानं वडिलांच्या नावावर बोट ठेवून अर्ज परत केला. तोंडी. लेखी काहीच नाही.

अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे नकार लेखी घ्यायचा. लेखी नकार असला की उपविभागाच्या असिस्टंट कमिशनरकडे अपील करता येतं, तोंडी नकारावर काहीच करता येत नाही. दुसरी गोष्ट, बापाकडच्या नात्यातले जेवढे दाखले आधीच निघाले असतील ते गोळा करून जोडायचे आणि सोबत वंशावळ द्यायची. तिसरी, स्थानिक चौकशीची मागणी करायची. पंचनाम्याला इकडे महजर म्हणतात. तो वाडीत येऊन, वडीलधाऱ्यांच्या सह्या घेऊन व्हायला हवा. या मुलीचा दाखला आजोबांच्या नोंदीवर आणि चुलत्याच्या दाखल्यावर निघाला. तेवढ्यात प्रवेशाचा हंगाम निघून गेला होता, हेही सांगायला हवं. म्हणून दाखल्यांचं काम मूल दहावीला पोचेपर्यंत थांबवू नका. पहिलीत नाव घालतानाच रकान्यात काय लिहिलं जातंय ते आईबापांनी उभं राहून बघावं.

यादीतल्या जिल्ह्यांच्या मर्यादेनं फार नुकसान केलं आहे. २००३च्या नोंदीत सिद्दी होते फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरते. हल्याळची मुलगी कलघटगीला दिली, की तिची मुलं धारवाड जिल्ह्यातली, म्हणून अनुसूचित जमातीत नाहीत. मामेभाऊ आदिवासी आणि आतेभाऊ यादीबाहेर, अशी घरं या पट्ट्यात होती. २०२०मध्ये संसदेनं कायदा करून बेळगाव आणि धारवाड हे जिल्हे जोडले, तेव्हा ते सुटलं. सतरा वर्षं गेली त्यात, एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडली. गुजरातमध्ये अजून तसंच आहे. तिथल्या यादीत सिद्दी आहेत ते सौराष्ट्रातल्या जिल्ह्यांपुरते. भरूच जिल्ह्यातलं रतनपूर, जिथे सिद्दी ज्यांना मानतात त्या बावा गोरांचा दर्गा आहे, ते यादीच्या बाहेर. यादीत फेरफार करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. राज्याची शिफारस, मग जनगणनेचं काम बघणाऱ्या भारताच्या महानिबंधकांचं मत, मग अनुसूचित जमाती आयोग, मग मंत्रिमंडळ, मग विधेयक, असा तो लांबचा रस्ता आहे. त्या रस्त्यानं जायचं असेल तर मानववंशशास्त्रीय अहवाल तयार ठेवावा लागतो. निवेदनांच्या गठ्ठ्यानं ते काम होत नाही.

गुजरातच्या सिद्दींकडे एक गोष्ट आहे जी कर्नाटकात नाही. तिथे ते विशेष असुरक्षित आदिम जमातींच्या गटात मोडतात, त्यामुळे २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमनसारख्या योजनेत त्यांना घरं, रस्ते, पाणी यांचा हक्काचा वाटा आहे. कर्नाटकात या गटात फक्त जेनु कुरुब आणि कोरग. ही मागणी राखीव मतदारसंघापेक्षा मला जास्त पदरात पडण्यासारखी वाटते, आणि तिच्यासाठी लागणारी आकडेवारी वाडीवाडीतून उभी करता येते.

आता वनहक्क. उत्तर कन्नड जिल्ह्याचा फार मोठा भाग जंगल आहे, आणि पोर्तुगिजांच्या गोव्यातून गुलामी झुगारून घाट चढून आलेल्या सिद्दींनी आसरा घेतला तो याच रानात. ज्या जमिनीवर ते शेती करतात ती कागदोपत्री वनखात्याची, आणि ते अतिक्रमणदार. ज्याला उद्या हुसकावून लावता येतं तो माणूस गावसभेत मान वर करून बोलत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की राजकीय हक्कांची चर्चा जमिनीशिवाय करणं मला पटतच नाही. सुपारीच्या बागांत मजुरी, मालकाकडून उचल, आणि राहतं घर कुणाच्या तरी मेहरबानीवर. अशा माणसाच्या मतावर त्याचा स्वतःचा किती ताबा असणार?

वनहक्क कायद्यानं इथे एक मोठा फरक केला आहे, आणि तो तुम्ही प्रत्येक बैठकीत समजावून सांगायला हवा. अनुसूचित जमातीच्या माणसानं १३ डिसेंबर २००५च्या आधीपासूनचा ताबा दाखवला की पुरे. जो अनुसूचित जमातीचा नाही, त्याला तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. या जिल्ह्यात बिगर-आदिवासींचे दावे ढिगानं फेटाळले गेले ते बहुतेक याच अटीवर. बेळगाव-धारवाडच्या सिद्दींनी २०२०च्या आधी जे दावे केले, ते 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून होते आणि ७५ वर्षांच्या पुराव्याअभावी अडकले. माझं मत असं की ते सगळे दावे नव्या दर्जाच्या आधारे पुन्हा पुढे आणायला हवेत. तुमच्या संस्थेनं एवढं एक काम जरी अंगावर घेतलं तरी पुष्कळ झालं.

पुराव्यासाठी सरकारी कागदच हवा असं नाही. नियम सांगतो की जुनी घरं, विहिरी, बांध, कबरी, देवाची ठिकाणं, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हे पुरावे चालतात. एकाहून जास्त जोडायचे. यल्लापूरच्या बाजूला एका दाव्याच्या पाहणीत वनरक्षक म्हणत होता की ही नांगरट अलीकडची. शेजारच्या घरातली म्हातारी काठी टेकत बांधाच्या टोकाला गेली आणि फणसाच्या झाडाखालचे तीन दगड दाखवले. सासरा, दीर आणि तिचं पहिलं मूल. कधी पुरलं ते तिनं साल सांगून नाही सांगितलं. त्या वर्षी कुठलं धरण बांधायला माणसं गेली होती ते सांगितलं. ग्रामसभेनं निवडलेल्या वनहक्क समितीच्या सचिवानं तो जबाब तिथल्या तिथे लिहून घेतला, तिचा अंगठा घेतला, दगडांचे फोटो जोडले. दावा मंजूर झाला, आणि पट्टा नवराबायको दोघांच्या नावे आला. कायदाच तसं सांगतो.

या सगळ्याची किल्ली ग्रामसभेकडे आहे, आणि कोणती ग्रामसभा हा कळीचा प्रश्न आहे. पंचायतीच्या पातळीवर भरवली तर सिद्दी मागच्या रांगेत. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की वनहक्कासाठी ग्रामसभा गाव किंवा वाडीच्या पातळीवर भरवावी. तिथे सिद्दी बहुसंख्य असतात. वनहक्क समितीत दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातींचे आणि एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. सभेला निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. हे आकडे पाठ करून जा, कारण गणपूर्तीच्या एका चुकीवर वरची समिती ठराव परत पाठवते.

भाषेकडे तुमचं लक्ष विशेष वेधतो. घरात सिद्दींची कोंकणी, बाजारात कन्नड, हल्याळ-जोयडा भागात मराठीही. सभेतलं बोलणं कोंकणीत होतं आणि इतिवृत्त कन्नडमध्ये लिहिलं जातं. या दोहोंच्या मधे फार काही हरवतं. एका वाडीत लोकांनी म्हटलं होतं की मध गोळा करायचं रान आमच्या वाडीचं, आणि कागदावर आलं की ग्रामस्थांनी मध गोळा करण्यास परवानगी मागितली. हक्काची झाली विनंती. म्हणून सह्या-अंगठे व्हायच्या आधी इतिवृत्त मोठ्यानं वाचायचं, पुन्हा कोंकणीत सांगायचं, आणि मगच रजिस्टर पुढे करायचं. वेळ लागतो, ग्रामसेवक कुरकुरतो. चालू द्या. वाडीतली दोन शिकलेली पोरं, त्यांतली एक मुलगी, इतिवृत्त लिहायला तयार करा. माझ्या मते कुठल्याही नेतृत्व शिबिरापेक्षा हे शिक्षण जास्त कामाचं आहे.

ग्रामपंचायतीत कर्नाटकात साधारण चारशे लोकसंख्येमागे एक सदस्य असतो, आणि निम्म्या जागा बायकांना. सिद्दी बायका निवडून येतात. पण उमेदवार कोण हे पुष्कळदा बागेचा मालक ठरवतो, आणि निवडून आल्यावर सही कुठे करायची तेही तोच सांगतो. इथे अत्याचार प्रतिबंधक कायद्यातली दोन कलमं वापरायला शिका. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अमक्यालाच मत दे किंवा अर्ज भरू नकोस म्हणून धमकावणं गुन्हा आहे, आणि निवडून आलेल्या सदस्याला त्याचं काम करू न देणं हाही गुन्हा आहे. फिर्याद द्यायला लोक घाबरतात, आणि ते स्वाभाविक आहे, दुसऱ्या दिवशी मजुरी त्याच बागेत करायची असते. म्हणून ज्या वाडीत जमिनीचे पट्टे झाले आहेत तिथूनच आधी बायका उभ्या कराव्यात. जिच्या नावावर दीड-दोन एकर आहे ती वेगळ्या आवाजात बोलते.

मोजणीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण वेळ थोडी आहे. कोलंबियात १९९३च्या जनगणनेत आफ्रिकी वंशाचे लोक भरले जेमतेम दीड टक्का, कारण प्रश्नच असा होता की लोकांना त्यात आपण दिसलो नाही. प्रश्न बदलला, समाजाच्या संघटनांनी प्रचार केला, आणि २००५मध्ये ते झाले दहा टक्क्यांहून जास्त. २०१८मध्ये पुन्हा सात टक्क्यांच्या खाली. लोक कुठे गेले नव्हते, मोजणी बिघडली होती, आणि २०२२मध्ये घटनात्मक न्यायालयानं सरकारला त्याबद्दल जबाबदार धरलं. आपल्याकडे २०११मध्ये देशभरात सिद्दी नोंदले गेले १९,५१४: कर्नाटकात १०,४७७, गुजरातेत ८,६६१, दमण-दीवमध्ये १९३ आणि गोव्यात १८३. बेळगाव-धारवाडचे त्यात नाहीत. हैदराबादचे नाहीत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत सिद्दी नाहीत, त्यामुळे रायगड-मुंबईकडचे सिद्दीही नाहीत. या वेळच्या जनगणनेत जातनिहाय नोंद होणार आहे आणि तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात आला की 'मुस्लिम' किंवा 'ख्रिश्चन' एवढ्यावर थांबायचं नाही, जातीच्या किंवा जमातीच्या रकान्यात 'सिद्दी' लिहून घ्यायचं, ही गोष्ट वाडीवाडीत, चर्चमध्ये, मशिदीत आणि देवळात सांगितली गेली पाहिजे. मुरूड-जंजिऱ्याच्या आसपासच्या लोकांनाही सांगायला हवी. महाराष्ट्रात 'सिद्दी' म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकातला जंजिरा आठवतो, आणि काही ठिकाणी त्याच आठवणीचा राग आजच्या गरीब कुटुंबांवर निघतो. यल्लापूरच्या रानातल्या माणसाचा जंजिऱ्याच्या नवाबाशी काही संबंध नाही, आणि असता तरी त्याच्या नागरिकत्वाला त्यानं धक्का लागत नाही.

गोव्यात हॉटेलांत, घरकामाला गेलेल्या कर्नाटकातल्या सिद्दींना मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगा: अनुसूचित जमातीचं आरक्षण राज्याची हद्द ओलांडून सोबत येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९० आणि १९९४च्या निकालांत ते ठरवून टाकलं आहे. म्हणून मुलांचे दाखले गावाकडच्या पत्त्यावरच काढायचे आणि गावचं नातं तोडायचं नाही. बेंगळुरूत किंवा गोव्यात पोलिसांनी परदेशी समजून 'पासपोर्ट दाखव' म्हटलं तर काय करायचं, याचंही प्रशिक्षण द्या. मतदार ओळखपत्र आणि जातीचा दाखला यांची प्रत मोबाइलमध्ये ठेवणं, आणि जमिनीवर बसवून अपमान झाला तर वकिलाचा नंबर जवळ असणं.

शेवटी तुमच्या संस्थेबद्दल. १९८७मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणानं सिद्दी मुलामुलींना धावपटू करण्यासाठी निवडून नेलं, काही वर्षांत योजना गुंडाळली आणि पोरं परत रानात आली. आजही सरकारी महोत्सव असला की सिद्दींना डमामी, म्हणजे त्यांचा ढोल, वाजवायला बोलावतात. कार्यक्रम संपला की गाडी वाडीत सोडते, आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतल्या कुणाला दाखल्यांचं विचारावंसं वाटत नाही. तुम्ही असं बोलावणं आलं तर सोबत एक अट घाला: त्याच व्यासपीठावरून वाडीची एक बाई तिच्या मागण्या वाचेल. कोंकणीत. संयुक्त राष्ट्रांनी आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी २०२५ ते २०३४ हे दुसरं दशक जाहीर केलं आहे, तिथे निवेदनं जरूर पाठवा, वृत्तपत्रांचं लक्ष वेधायला त्यांचा उपयोग होतो. तहसील कचेरीतला कारकून मात्र त्यानं हलत नाही.

येत्या वर्षात मी तुमच्या जागी असतो तर पावसाळ्याआधी प्रत्येक वाडीची घरयादी करून दाखला आहे-नाही, वनहक्क दावा कुठे अडकला आहे आणि मतदारयादीत नाव आहे का, एवढे तीन रकाने भरले असते. पंचायतीच्या वॉर्डांची फेररचना जाहीर होते तेव्हा हरकतींना फार थोडे दिवस मिळतात. एक सिद्दी वाडी दोन वॉर्डांत चिरली जात असेल तर ती यादी आणि नकाशा घेऊन त्याच मुदतीत हरकत नोंदवावी लागते, आणि तिच्यावर सही वाडीतल्याच माणसांची हवी, तुमच्या संस्थेची नको.